चवथ झाली, पासवर्ड गावभर झाला

चवथीचे पाहुणे गेले, माटोळी उतरली, नेवऱ्यांचा डबा तळाला आला आणि आता आमच्याकडे प्रश्न यायला लागलेत, जवळजवळ सगळे वाय-फायचे. दरवर्षी हेच. मुंबई-पुण्याहून आलेली भाचरंडं दारातून आत आल्यावर आधी गणपतीच्या पाया पडतात की आधी पासवर्ड विचारतात हे ज्याच्या त्याच्या घरच्या वळणावर. आलेल्यांपैकी सहा प्रश्न घेतलेत, लांबलेले जरा कापलेत.

प्रश्न : दादा, चवथीत आमच्याकडे पंधरा-सोळा माणसं होती, सगळ्यांना पासवर्ड दिला. आता सगळे गेले तरी संध्याकाळी नेट एवढं स्लो की सिरियल अडकते. शेजारचा मुलगा आमचंच वाय-फाय वापरतो असं मिस्टरांचं म्हणणं. बघायचं कसं? पासवर्ड म्हणजे माझा मोबाईल नंबर आहे, कनेक्शन लावायला आलेल्या पोरानेच तो ठेवला. (म्हापसा)

उत्तर : ताई, शेजारच्या मुलाला जरा बाजूला ठेवूया, आधी तुमच्या त्या मोबाईल नंबराचं बघू. तुमचा नंबर पाव आणणाऱ्या पोदेराला माहीत, गॅसवाल्याला माहीत, वर्गणीच्या पावतीवर लिहिलेला, मग तो कुलूप कसला? आणि ज्याला तुमचा नंबर ठाऊक नाही त्यालाही तो काढता येतो. म्हणजे बघा, तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांत हवेतून थोडी देवाणघेवाण होते, खूण पटवल्यासारखी. ती बाहेर रस्त्यावर गाडीत बसून पकडता येते. त्यात पासवर्ड सरळ लिहिलेला नसतो, पण पकडलेला तुकडा घरी नेऊन त्याच्यावर एकेक पासवर्ड लावून बघता येतो, तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. पोरं गेमसाठी घेतात तसलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखाच्या आसपास पासवर्ड तपासतं. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होणार, म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी. भागाकार करा, तासाभराचं काम आहे.

तेव्हा पासवर्ड बदला. ८ ते ६३ अक्षरं चालतात, एवढी जागा दिलीय तर वापरा की. एकमेकांशी काही संबंध नाही असे चार-पाच शब्द रोमन अक्षरात जोडून लिहायचे, सोलकढी टायर पोपट बुधवार असं काहीतरी (हेच नका ठेवू, हे आता छापून आलं). असा पासवर्ड आज्जीला पण फोनवर सांगता येतो आणि मशीनला मात्र जड जातो.

आता बदलायचा कुठे. वाय-फायला जोडलेल्या फोनवर ब्राउझर उघडून वर १९२.१६८.१.१ टाका, नाहीतर १९२.१६८.०.१, नक्की कुठला ते राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतं. तिथे युजरनेम-पासवर्ड मागतो आणि इथे खरी गोम आहे, कारण हा पासवर्ड वेगळा. राउटरला दोन पासवर्ड असतात, एक वाय-फायला जोडायचा, जो तुम्ही सोळा जणांना दिला, आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, जो तुम्हाला कोणी सांगितलाच नाही. तो बऱ्याच ठिकाणी ॲडमिन-ॲडमिन असाच पडून असतो. एकदा घरातल्या वाय-फायवर आलेला माणूस, म्हणजे तुमचा कुठलाही पाहुणा, हे टाकून सरळ आत.

आत जाऊन करणार काय, असं वाटेल. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमाराला चोरांनी घरोघरच्या मॉडेमांमध्ये शिरून फक्त डीएनएसची सेटिंग बदलली, सुमारे ४५ लाख मॉडेम होते. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारा. तोच चोराचा झाला तर तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाइप करता आणि पोचता भलत्याच पानावर. फोनमध्ये व्हायरस नाही, लॅपटॉपमध्ये नाही, माणूस शोधतच बसतो. म्हणून पहिला पासवर्ड बदलायला आत गेलात की दुसराही बदलूनच बाहेर या, आणि दोन्ही वेगळे ठेवा.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर त्याच सेटिंगमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते. पण हल्लीचे फोन आपला खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर, लपवून बनावट दाखवतात, त्यामुळे यादीत चार अनोळखी नावं दिसली म्हणून लगेच शेजाऱ्यांकडे भांडायला जाऊ नका, त्यातला एक तुमच्याच मिस्टरांचा फोन निघायचा. सोपा उपाय म्हणजे पासवर्ड बदला, सगळे आपोआप बाहेर पडतात, मग घरातली एकेक वस्तू परत जोडा. त्यानंतरही संध्याकाळी स्लो असेल तर मुलगा निर्दोष. मग लॅपटॉप वायरने राउटरला लावून बघा, वायरवरही स्लो म्हणजे कंपनीच्या लाइनवर संध्याकाळी गर्दी होतेय. वायरवर ठीक आणि हवेत स्लो असेल तर चॅनल, म्हणजे राउटर बोलतो ती लहरींची पट्टी, बदला. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, तीनही लावून बघा आणि ज्यावर बरं चालेल तो ठेवा.

प्रश्न : राउटरची सेटिंग उघडायला गेलो तर पासवर्ड चुकीचा सांगतं. स्टिकरवरचा टाकला, ॲडमिन टाकला, काहीच चालेना. लावणाऱ्याला फोन केला तर म्हणतो तुम्हाला त्याची काय गरज, काही झालं तर मला बोलवा. मागे बारीक भोक आहे त्यात पिन घालून रिसेट करू का? (डिचोली)

उत्तर : थांबा! पिन खाली ठेवा.

हे मी केलंय म्हणून सांगतो. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मला असाच उत्साह आला, पिन दहा सेकंद दाबून धरली, राउटर अगदी नवाकोरा झाला आणि नेट गेलं ते गेलंच. कारण माझं कनेक्शन ज्या युजरनेम-पासवर्डवर कंपनीला जोडलं जायचं, पीपीपीओई म्हणतात ते, तेही राउटरमधून पुसलं गेलं आणि ते माझ्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोमवार गेला, मंगळवारी दुपारी पोरगा आला, दोन मिनिटात टाकून गेला, वर बायकोसमोर हसून गेला.

तर आधी कंपनीकडून पीपीपीओईची माहिती लेखी घ्या, मेसेजवर दिली तरी चालेल. फायबरचा डबा असेल तर काही कंपन्यांची जोडणी डब्याच्या नंबरावर बांधलेली असते, तिथे रिसेट केल्यावर कंपनीलाच परत काहीतरी पाठवावं लागतं, तेही विचारून घ्या. मगच पिन.

लावणाऱ्या पोराबद्दल माझा राग नाही, दिवसाला किती घरं करायची असतात त्याला, पण सगळ्या गावाला एकच पासवर्ड ठेवणारेही त्यांच्यातच असतात आणि मग एका घराचा कळला की आख्ख्या वाड्याचा कळला. त्याला घरी बोलवा, चहा द्या, समोर बसवून दुसरा पासवर्ड तुमच्या हाताने टाइप करा. कंपनीला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून आत एक वेगळी सोय असते, ती त्यांची त्यांच्याकडे राहू दे. मात्र सेटिंगमध्ये रिमोट मॅनेजमेंट नावाचा पर्याय तुमच्या लॉगिनसाठी चालू दिसला तर बंद करायला सांगा, घरबसल्या वापरायची सेटिंग सगळ्या जगाला कशाला उघडी पाहिजे.

प्रश्न : आमच्या घराच्या तीन खोल्या आम्ही सीझनला पाहुण्यांना देतो. वाय-फाय एकच, त्याच्यावरच आमचे फोन, मुलीचा ऑफिसचा लॅपटॉप, सीसीटीव्ही सगळं. पासवर्ड पॅसेजमध्ये फ्रेम करून लावलाय. मुलगी म्हणते हे धोक्याचं आहे. पाहुण्यांना पासवर्ड नाही दिला तर रेटिंग खाली जातं, मग करायचं काय? (मांद्रे)

उत्तर : मुलगी बरोबर सांगते. फ्रेम मात्र काढू नका, फ्रेममधला कागद बदलूया.

तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क शोधा, बहुतेक नव्या राउटरांना असतं. ते चालू केलं की एकाच डब्यातून दोन नावं हवेत दिसतात, एक तुमचं आणि एक पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या नावावरून इंटरनेट मिळतं पण तुमचा कॅमेरा, प्रिंटर, मुलीचा लॅपटॉप दिसत नाही. तिथे ‘घरच्या नेटवर्कला जाऊ द्या’ अशा अर्थाची एक टिक असते ती काढलेली आहे ना बघा, आणि पाहुणे एकमेकांनाही दिसू नयेत असा आयसोलेशनचा पर्याय असेल तर तो लावा, कारण एका खोलीतल्या माणसाने दुसऱ्या खोलीतल्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावलं तर तक्रार तुमच्याकडेच येणार. मग गेस्टचा क्यूआर कोड काढून फ्रेममध्ये घाला, अँड्रॉइड फोनवर वाय-फाय शेअर केलं की तो आपोआप दिसतो. रशियन असो की दिल्लीवाला, कोणालाच स्पेलिंग सांगत बसायला नको. पासवर्ड महिन्याला बदला, निदान सीझन संपला की तरी, आणि नवा क्यूआर छापा. कोण गेला, कोण अजून शेजारच्या शॅकवरून तुमचं नेट ओढतोय, हे बघत बसायचं कामच उरत नाही.

पासवर्डच नको, उघडं ठेवूया, असा मोह पुष्कळांना होतो. २००८ साली अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले तेव्हा जबाबदारी घेणारी जी ईमेल आली ती नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेली होती, आणि पोलीस पोचले ते त्या घरी. त्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण चौकशीचा ताप त्यालाच. विदेशी पाहुण्याची माहिती तुम्ही चोवीस तासात सरकारला कळवताच ना, तेवढ्याच नेमाने हे बघा.

आणखी दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. एक म्हणजे राउटर पॅसेजमध्ये पाहुण्यांच्या हाताशी असेल तर सगळं फुकट, पोटाखालचं स्टिकर फोटो काढून नेता येतं, बटण दाबून जोडता येतं, पिन घालून रिसेट करता येतो. तो तुमच्या स्वतःच्या खोलीत किंवा कुलूपवाल्या लाकडी कपाटात वर ठेवा. लोखंडी कपाटात नको, रेंज जाते. दुसरं सीसीटीव्ही. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक व्हायरस जगभर पसरला, तो मुख्यतः कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटरमध्येच घुसायचा, त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी होती, ती एकामागून एक लावून बघायचा, बस्स, बाकी काही हुशारी नाही. तेवढ्यावर त्याने लाखो डबे ताब्यात घेतले. तेव्हा कॅमेऱ्याच्या डब्याचा पासवर्डही आजच बदला. पाहुण्यांच्या अंगणात लागलेला कॅमेरा परक्याच्या हातात गेला तर रेटिंगचं सोडा, पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

प्रश्न : आमचं घर जुनं, आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांच्या जाड भिंती, मधे राजांगण. फायबर बाहेरच्या सोप्यावर आलंय आणि राउटर तिथेच खिळ्याला टांगलाय. सोप्यावर नेट धावतं, माजघरात रडतं, मागच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास असतो तिथे काहीच नाही. पावसात तर अजून वाईट. शिवाय मे महिन्यात गडगडाटात एक राउटर जळला. (सत्तरी)

उत्तर : तुमच्या घराच्या भिंती तुमच्या राउटरपेक्षा जास्त टिकणार आहेत, त्यामुळे राउटरनेच जमवून घ्यायला हवं. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो आणि भिंत थोडी तरी पार करतो, ५ गिगाहर्ट्झ जोरात पळतो पण भिंतीला दमतो. दीड-दोन फुटी चिरा, त्यात जूनपासून धरलेली ओल, आणि पाणी ह्या लहरी गिळतं, म्हणून पावसात वाईट हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मागच्या खोलीतल्या फोनवर २.४ चंच नाव धरून बघा, थोडा फरक पडेल.

पण खरा उपाय राउटर आत नेणं. लावणारा जिथे वायर घरात शिरते तिथेच डबा ठोकून मोकळा होतो. त्याला सांगा की फायबर लांब घालून राजांगणाच्या कडेला उंचावर आण, मोकळ्या जागेतून लहर चारी बाजूला जाते. फायबर काच आहे, तिला काटकोनात वाकवू नये, गोल वळण द्यायचं.

तरी मागची खोली राहिलीच तर रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे ढकलणारा डबा, घेऊ नका, माझं आपलं मत. स्वस्तातला रिपीटर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर बोलतो म्हणून स्पीड निम्मा होतो, आणि तो ठेवणार तिथे मुळात रेंज पाहिजे. त्यापेक्षा जुना राउटर कुठेतरी पडला असेल तर तो काढा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (पहिल्याचा १.१ असेल तर), त्यातलं डीएचसीपी बंद करा म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील, मग पहिल्या राउटरपासून घराच्या आतून कॅट सिक्स वायर नेऊन दुसऱ्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅन लिहिलेल्यात नाही. नाव आणि वाय-फायचा पासवर्ड दोन्हीवर सारखाच ठेवला की फोन चालता चालता आपणच बदलतो. आणि हो, त्या जुन्यालाही त्याचा स्वतःचा दुसरा पासवर्ड आहे, तो ॲडमिन ठेवून मागच्या खोलीत खिडकी उघडी टाकल्यासारखं करू नका.

जळण्याचं सांगतो. काचेतून वीज येत नाही, ती येते ॲडाप्टरमधून, नाहीतर उघड्यावरून ओढलेल्या तांब्याच्या वायरीतून, आणि खांबावरून आलेल्या फायबरला कधी कधी आधाराची पोलादी तार असते तिच्यावरून. म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत किंवा नव्या खोलीपर्यंत अंगणावरून नेटची तांब्याची वायर ओढायची नाही, तिथे फायबरच घाला. मेमध्ये आणि ऑक्टोबरात ढग वाजायला लागले की ॲडाप्टर प्लगमधून काढून ठेवायचा, स्विच बंद करून भागत नाही. लाइट जाते म्हणून छोटा यूपीएस घेणार असाल तर राउटरच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय लिहिलंय बघून त्याच मापाचा घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण ९ वाले पण आहेत, आणि ९ वाल्याला १२ दिले तर गडगडाटाची वाटच बघायला नको.

प्रश्न : सर मी वाय-फायचं नाव हाईड केलंय आणि मॅक फिल्टर लावलाय (यादीतल्या मॅक ॲड्रेसलाच जोडू देणारा), आता पासवर्ड साधा ठेवला तर चालेल ना? (फोंडा)

उत्तर : नाही. लपवलेलं नाव तुमचा फोन जोडताना स्वतःच हवेत ओरडून सांगतो, आणि मॅक हवेतून वाचून कॉपी करता येतो. दोन्ही काढून टाकलंत तरी काही बिघडत नाही, उलट आजी टीव्ही जोडू शकेल. त्याऐवजी डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणावर किंवा पिनवर जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यात तपासतो, पहिले चार आकडे बरोबर की नाही हे आधीच कळतं आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून निघतो, त्यामुळे दहा कोटींच्या जागी फक्त ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झालंय आणि तरी जुन्या डब्यांवर ते अजून चालू सापडतं.

प्रश्न : काका, आमच्याकडे बरीच वर्षं जुना राउटर आहे, चांगला चालतो. मुलगा म्हणतो टाकून दे. चालतंय ते कशाला टाकायचं? (मडगाव)

उत्तर : टाकायच्या आधी आत जाऊन सिक्युरिटीच्या खणात काय काय लिहिलंय बघा. डब्ल्यूईपी, म्हणजे वाय-फायच्या कुलुपाची सगळ्यात जुनी जात, एवढंच असेल तर मुलाचं ऐका, ते १९९७ चं आहे आणि २००१ मध्येच फुटलं, आज काही मिनिटांचं काम. डब्ल्यूपीए२ असेल, जे २००४ चं, तर ते निवडा आणि सोबत माहिती गुप्त करायची पद्धत म्हणून एईएस निवडा, जुनं टीकेआयपी नको. टीकेआयपी ठेवलं तर राउटर ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, म्हणजे तुम्ही महिन्याला १०० एमबीपीएसचे पैसे भरता आणि वापरता जेमतेम निम्मे. डब्ल्यूपीए३ म्हणजे २०१८ चं, त्यात तो म्हापशाच्या उत्तरातला हवेतून पकडलेला तुकडा घरी नेऊन पासवर्ड लावत बसायची सोय चोराला राहत नाही. जुने फोन घरात असतील तर दोन्ही मिळून चालतील असा पर्याय असतो, तो घ्या.

मग कंपनीच्या साइटवर मॉडेलचा नंबर टाकून शेवटचं अपडेट कधीचं आहे बघा. तीन-चार वर्षांत काहीच आलं नसेल तर त्याला बाहेरच्या दारावर ठेवण्यात अर्थ नाही, नवा आणा. जुना भंगारवाल्याला द्यायच्या आधी मात्र ती मागची पिन दहा सेकंद दाबून धरा, तुमचा वाय-फाय पासवर्ड आणि पीपीपीओई त्याच्यातच बसलेलं असतं. इथे रिसेट करायला माझी काहीच हरकत नाही, डिचोलीवाल्यांना कळवू नका म्हणजे झालं.